जास्वंदीवर येणारा तो चिमुकला हमिंगबर्डच आहे ना? आणि त्याला खायला काय ठेवू?

गच्चीवरची_बाग · २३ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहते, दुसरा मजला, पूर्वेची गॅलरी. कुंड्या अठरा-वीस असतील. गेल्या आठवड्यापासून माझ्या जास्वंदीवर अंगठ्यापेक्षा थोडा मोठा एक पक्षी येतोय. उन्हात असला की मोरपंखासारखा निळा-जांभळा चमकतो आणि सावलीत गेला की नुसता काळा कोळसा. चोच लांब, बाकदार, दाभणासारखी. फुलापुढे क्षणभर हवेत तरंगतो तेव्हा पंख दिसतच नाहीत.

भाच्याला व्हिडिओ पाठवला. तो म्हणाला, मावशी, हा हमिंगबर्ड! झालं, मी उत्साहाच्या भरात ऑनलाइन बाटली मागवली. लाल रंगाची, खाली प्लॅस्टिकची पिवळी फुलं, फुलाला भोक. सोबत तांबड्या पुडीचं पाकीट आलंय, ते साखरेच्या पाण्यात कालवायचं म्हणे. परवा टांगली. पक्षी ढुंकूनही बघत नाही, मुंग्यांची मात्र आषाढी वारी लागलीय.

माझं काय चुकतंय? साखर कमी पडली का? गूळ घालू का? मध?

होटगीरोड · २३ फेब्रुवारी, सकाळी ९.४१

काकू, हमिंगबर्ड कसलं ओ! आमच्या दारात शंखासुरावर रोज येतंय की ते. गाडीच्या आरशाला टोचा मारून मारून आरसा पांढरा करून ठेवलंय. आरशात दुसरं दिसतंय ना त्याला, त्याच्याशी भांडतंय येडं. शेवटी आरशाला मोजा घातला मी.

कडक_भाकरी · २३ फेब्रुवारी, सकाळी ९.५५

गाडीला मोजा घालणारं आपलं एकमेव गाव.

माळरानवाला · २३ फेब्रुवारी, दुपारी १.२०

ताई, तो जांभळा शिंजीर आहे, नर. काहीजण सूर्यपक्षी म्हणतात. तुमचं वर्णन इतकं नेमकं आहे की फोटोची गरज नाही.

हमिंगबर्ड, म्हणजे आपल्याकडे पुस्तकांत ज्याला गुंजन पक्षी म्हणतात तो, फक्त अमेरिका खंडांत आहे. अलास्कापासून थेट दक्षिण टोकापर्यंत साडेतीनशेहून जास्त जाती, पण महासागराच्या अलीकडे रानात एकही नाही. आपल्याकडचे शिंजीर हे वेगळंच घराणं. शिंजीर हा चिमणीच्या गोतावळ्यातला, आणि हमिंगबर्डची आपल्याकडची जवळची नातलग म्हणजे संध्याकाळी जुन्या इमारतींभोवती किंचाळत घिरट्या घालणारी पाकोळी. दिसायला काही साम्य आहे का? नाही. तरी नातं तिचंच. दोन वेगवेगळ्या घरांतल्या मुलांनी एकच धंदा धरला आणि दोघांच्या हातात तीच हत्यारं आली, लांब चोच आणि लांब जीभ, असं समजा.

ओळखायची सोपी खूण म्हणजे खाण्याची बैठक. हमिंगबर्ड हवेत थांबून खातो, शिंजीर शक्यतो बसून. तुमचा पक्षी क्षणभर तरंगत असेल, पण लगेच देठाला किंवा फांदीला धरून, प्रसंगी उलटा लोंबकळून, फुलात चोच घालत असेल. नीट बघा.

गूळ नको, मध नको, ती तांबडी पूड तर अजिबात नको. बाकी रात्री लिहितो, ऑफिसात आहे.

गच्चीवरची_बाग · २३ फेब्रुवारी, दुपारी ४.०२

आत्ता चहा घेत बघत बसले होते. खरंच उलटा लोंबकळतो हो! आणि एक गंमत. जास्वंदीच्या फुलात तो समोरून शिरतच नाही. मागून, हिरव्या देठाजवळ, पाकळ्यांच्या बुडाशी चोच खुपसतो. फूल तोडून पाहिलं तर बुडाला टाचणीने टोचल्यासारखं बारीक भोक. काल गळालेली सगळी फुलं वेचून पाहिली, सातातल्या पाच फुलांना भोक आहे.

माळरानवाला · २३ फेब्रुवारी, रात्री ९.३०

ही चोरी! जास्वंदीचं फूल मोठं, मधुरस पार तळाशी. समोरून जायचं तर परागकणांच्या दांड्याला अंग घासत जावं लागतं, म्हणजे फुलाचं काम करून द्यावं लागतं. शिंजीर मागच्या दाराने शिरतो, रस पितो, पराग नेत नाही. फुकट जेवण. लहान नळीच्या फुलांवर मात्र तो सरळमार्गी असतो, तिथे कपाळाला पराग लागतोच.

बांडगुळावर बघा कधी. आंब्यावर नारिंगी नळ्यांचं बांडगूळ माजतं ना, त्याच्या पिकलेल्या कळीला शिंजिराने चोचीने चिमटा काढला की कळी फट्कन उघडते आणि पराग त्याच्या तोंडावर उडतो. त्या झाडाची ती रचनाच आहे. आंबेवाले बांडगुळाला शिव्या देतात, त्यांचंही बरोबर, पण शिंजिराच्या ताटातली ती मोठी वाटी आहे.

सत्यशोधक७७ · २४ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

माफ करा पण "भारतात नाही" हे चूक आहे. आमच्या ग्रुपवर सिद्धेश्वर तलावाच्या बागेतला व्हिडिओ आलाय. संध्याकाळी फुलासमोर एका जागी स्थिर थांबून लांब नळीने रस पितोय. कुठे बसत नाही. तुमच्याच व्याख्येने हमिंगबर्ड झाला ना?

माळरानवाला · २४ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

व्हिडिओ थांबवून डोकं मोठं करून बघा. दोन मिशा दिसतील. पक्ष्याला मिशा नसतात. ती "नळी" फुलातून बाहेर आली की घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळली जाते, चोच गुंडाळत नाही. तो हॉकमॉथ, दिवसा किंवा कातरवेळी उडणारा पतंग. दरवर्षी पावसाळा ते हिवाळा हा व्हिडिओ कुठल्या ना कुठल्या गावाच्या नावाने फिरतो.

सत्यशोधक७७ · २४ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

मिशा आहेत.

कडक_भाकरी · २४ फेब्रुवारी, सकाळी ८.४२

आयडी सार्थ केलीत, मालक.

एडिसनचा_सोलापूरकर · २४ फेब्रुवारी, सकाळी ९.२६

इकडे रात्र आहे, झोप येत नाही, म्हणून लिहितो. मी मूळचा साखर पेठेतला, आता न्यू जर्सीतल्या एडिसन गावात. आमच्या परसात हमिंगबर्डची बाटली नऊ वर्षं टांगतोय, तर थोडं अनुभवाचं.

इथे एकच जात येते, रुबी-थ्रोटेड. नराच्या गळ्याला माणकासारखा पट्टा, मादी साधी, हिरवट-पांढरी. एप्रिलच्या शेवटी येतात, सप्टेंबर संपता संपता जातात. वजन तीन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या भाजक्या शेंगांचे चार-पाच दाणे. शिंजीर त्याच्या दुप्पट-अडीचपट भरेल. आणि क्यूबातला सर्वांत लहान हमिंगबर्ड तर जेमतेम दोन ग्रॅमचा.

ह्या तीन ग्रॅमच्या देहाची भूक बघितली की घाबरायला होतं. पंख सेकंदाला पन्नासएक वेळा हलतात, उडताना काळीज मिनिटाला हजार-बाराशे ठोके मारतं. त्यामुळे दर दहा-पंधरा मिनिटांनी खायला हवं. दिवसभरात स्वतःच्या वजनाइतका, कधी त्याहून जास्त मधुरस पोटात जातो. आपल्याला दिवसाला साठ-सत्तर किलो सरबत प्यावं लागलं तर कसं? त्यातलं पाणी अर्थातच लगेच बाहेर टाकतात, माझ्या खिडकीची काच साक्षीला आहे.

रात्री खाणं बंद, मग जगायचं कसं? तर दिवाच मालवून टाकतात. थंड रात्री अंग गार पडतं, ठोके एकदम खाली येतात, हात लावला तर मेलाय वाटेल. सकाळी थरथरून परत गरम होतात आणि पहिलं काम बाटलीवर. अँडीज पर्वतात एका जातीचं अंग रात्री तीन अंशांच्या आसपास गेलेलं मोजलंय, २०२० साली छापून आलं होतं.

पण लोकांना वाटतं तसं निव्वळ साखरेवर त्यांचं चालत नाही. साखर म्हणजे पेट्रोल. अंगात मांस धरायला, पिसं यायला, अंडी घालायला प्रथिनं लागतात, ती मधुरसात जवळजवळ नसतातच. म्हणून चिलटं, मच्छर, बारीक माश्या, कोळी. माझ्या गॅरेजच्या छपराखालून मादी जाळ्यातली चिलटं अलगद उचलते आणि लगे हाथ कोळ्यालाही उचलते. खाणंही त्याचं आणि घरटं बांधायला जाळंही त्याचंच. वसंतात फुलं उशिरा उमलली तर सुतारपक्ष्याच्या एका जातीने झाडाला पाडलेल्या भोकांतून गळणारा गोड चीक पितात, आणि त्या चिकाला चिकटलेले किडेसुद्धा खातात.

बाटलीचं गणित: एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, बस्स. फुलातला रस साधारण तेवढाच गोड असतो. मध घातला की बुरशी फार लवकर धरते. गुळात लोह असतं, ते ह्या पक्ष्यांना सोसत नाही. रंग कशाला? बाटली लाल आहे तेवढं पुरे. मी उन्हाळ्यात दोन दिवसांनी पाणी बदलतो, फारच तापलं तर रोज, आणि आमचं "तापलं" म्हणजे तेहतीस अंश.

होटगीरोड · २४ फेब्रुवारी, सकाळी ९.५०

तेहतीसला तापलं म्हणतोय गडी. आमच्याकडं तेहतीस म्हणजे स्वेटर शोधायचं तापमान.

गच्चीवरची_बाग · २४ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

एडिसनकर, फार सुंदर लिहिलंत. एक शंका, बाटली टांगलेलीच राहिली तर पक्षी जायचं विसरत नाहीत का? आमच्या एक वहिनी बॉस्टनला असतात, त्या म्हणाल्या की म्हणून सप्टेंबरात काढून ठेवायची.

एडिसनचा_सोलापूरकर · २४ फेब्रुवारी, सायंकाळी ५.१२

हा इकडचाही लाडका गैरसमज. दिवस लहान व्हायला लागले की त्यांच्या अंगातलं घड्याळ वाजतं, मग बाटली असो नसो. उलट जाण्याआधी अधाशासारखं खातात, चरबी चढवून वजन दुपटीच्या घरात नेतात. त्यांतले कितीतरी मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात, सुमारे आठशे किलोमीटर, खाली नुसतं पाणी. मागे राहिलेल्या एखाद्याला बाटली कामाला येते, म्हणून मी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ठेवतो.

बाकी स्वभावाने अत्यंत भांडकुदळ. एकच नर अख्खी बाटली बापजाद्यांची समजून राखत बसतो, स्वतः पिणं सोडून दुसऱ्यांना हाकलण्यातच त्याची अर्धी साखर जळते. शेवटी मी घराच्या पलीकडच्या बाजूला दुसरी टांगली. आणि बाटलीवर प्रार्थनाकीटक दिसला तर उचलून दूर सोडतो. तो दबा धरून बसतो आणि हमिंगबर्ड धरून खातो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जेवण गेलं नव्हतं मला.

शरयू_जीवशास्त्र · २५ फेब्रुवारी, रात्री १०.४८

बारावीच्या प्रात्यक्षिकांतून आज सुटका झाली, म्हणून उशीर. जिभेचा विषय कुणी काढलाच नाही!

जवळजवळ पावणेदोनशे वर्षं पुस्तकांत असं छापलं जायचं की हमिंगबर्डच्या जिभेत दोन बारीक नळ्या असतात आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा रस त्यांतून आपोआप चढतो. २०११ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठातल्या दोघांनी पारदर्शक नळीत रस ठेवून अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. दिसलं ते वेगळंच. जीभ रसात बुडाली की टोकाला दोन फाटे होतात आणि फाट्यांच्या कडेची झालर उलगडते. बाहेर ओढताना तीच झालर मिटते आणि रस आत कैद होतो. वात नाही, पकड! पुढे २०१५ मध्ये त्याच गटाने दाखवलं की चोचीतून बाहेर पडताना दाबून चपट्या झालेल्या जिभेच्या पन्हाळी रसात पुन्हा फुगतात आणि त्या फुगण्याने रस ओढला जातो. हे सगळं सेकंदाला पंधराएक वेळा. आपण "चाटतो" म्हणतो ते ह्याच्यापुढे काहीच नाही.

इतकी लांब जीभ ठेवायची कुठे? तिची मुळं कवटीच्या मागून वळसा घेऊन पार कपाळाकडे आलेली असतात, सुतारपक्ष्यासारखी.

शिंजिराची जीभही लांब, टोकाला दुभंगलेली, पण ती बरीचशी खरी नळीसारखी गुंडाळलेली असते. म्हणजे एकाच कामाला दोन निराळी अवजारं.

आणखी एक, मला स्वतःला सर्वांत आवडणारी गोष्ट. गोड चव ओळखायला आपल्या जिभेवर दोन प्रथिनांची जी जोडी लागते, तिच्यातल्या एकाचा जनुक पक्ष्यांमध्ये नाहीच. तुमच्या कोंबडीला साखर आणि भुसा सारखाच. मग हमिंगबर्डला गोडी कळते कशी? २०१४ मध्ये उलगडलं की त्यांच्यात मांस-किड्यांची रुचकर चव ओळखणारी दुसरी जोडीच बदलत बदलत साखर ओळखायला लागली. म्हणजे कीटक खाणाऱ्या पूर्वजाने जुन्याच कुलपाला नवी किल्ली बसवली. कृत्रिम गोडी घातलेलं पाणी दिलं तर बहुतेकदा तोंड लावून लगेच थुंकतात.

कडक_भाकरी · २५ फेब्रुवारी, रात्री ११.०५

म्हणजे डाएट कोल्ड्रिंक चालणार नाही. नोंद घेतली.

सत्यशोधक७७ · २६ फेब्रुवारी, सकाळी ६.५८

परवाच्या मिशांनंतर मी बोलू नये, पण शोधताना सापडलं की जर्मनीत हमिंगबर्डचे जीवाश्म मिळालेत. मग "फक्त अमेरिका" कसं?

माळरानवाला · २६ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

हे बरोबर शोधलंत. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे, लांब चोचीचे, २००४ मध्ये जाहीर झाले. म्हणजे एके काळी युरोपात होते. मग तिथून ते का संपले ह्यावर तर्क बरेच आहेत. आज मात्र फक्त अमेरिका.

भगवा_डाळिंब · २८ फेब्रुवारी, दुपारी २.३५

सांगोला तालुक्यातून लिहितोय. दोन एकर भगवा डाळिंब आहे, आंबे बहार धरलाय, सध्या फुलं आहेत. ते काळं-निळं पाखरू माझ्या बागेत ढिगानं आहे. सकाळी फुलात चोच घालतं. आता इथं वाचलं ते भोक पाडतं म्हणून, तर काळजी लागली. मागच्या हंगामात फळाला बारीक भोकं पडून बरीच फळं सडली. मी दोष दुसऱ्यालाच देत होतो, पण हेच पाखरू तर नव्हे? जाळी टाकायची तर खर्च मोठा.

माळरानवाला · २८ फेब्रुवारी, रात्री ९.१५

दादा, शिंजिरावर आळ घेऊ नका. ती चोच फुलाच्या मऊ बुडासाठी आहे, डाळिंबाच्या सालीपुढे तिचा निभाव लागत नाही. फुलातही ते मधुरसाबरोबर बारीक किडेच टिपतं.

फळाला भोक असेल तर दोन गोष्टी तपासा. भोकातून विष्ठा बाहेर आलेली, आत अळी आणि घाण वास असेल तर सुरसा अळी. निळसर फुलपाखरू कळीवर किंवा कोवळ्या फळावर अंडं घालतं, अळी आत शिरते. भोक टाचणीएवढं, आत अळी नाही, भोकाभोवतीचा भाग मऊ पडून सडत चाललाय, तर तो रात्रीचा रस शोषणारा पतंग. अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन बागेत फिरा, लालसर डोळे चमकताना दिसतील. तो पावसाळ्याच्या शेवटी जास्त असतो. पोपट, बुलबुल फळं फोडतात ते वेगळं, ते मोठी खांडोळी करतात. औषधपाण्याचं केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात विचारा, सोलापुरातच आहे, मी त्यातला नाही.

भगवा_डाळिंब · १ मार्च, सकाळी ६.२०

टाचणीएवढंच होतं. अळी नव्हती. म्हणजे रातचा पतंग. बिचाऱ्या पाखराला गोफणीनं दगडं मारायला निघालो होतो मी.

गच्चीवरची_बाग · ११ मार्च, सकाळी ११.५०

मंडळी, कबुली द्यायला आलेय. तुम्ही सगळ्यांनी सांगूनही मी बाटली काढली नव्हती. साखरेचं प्रमाण दुरुस्त केलं, पण आणलीच आहे पूड तर घालू म्हणून तांबडी पूडही घातली. मग पंढरपूरला पुतणीच्या लग्नाला गेले, चार दिवस.

काल आले तर बाटलीत फेस. झाकण उघडलं आणि शिंदीच्या दुकानासमोरून गेल्यासारखा भपकारा. आत अकरा गांधीलमाश्या मेलेल्या, मोजल्या मी. आणि उन्हाने आतली हवा फुगून ते लाल पाणी थेंब थेंब खाली गळलं होतं, ते नेमकं पहिल्या मजल्यावरच्या आजोबांच्या दोरीवर. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, दोन बनियन. आजोबा एकादशीपुरतेच बोलतात, पण काल बोलले.

लेंगा लिंबू, मीठ, साबण, सगळं करून पाहिलं. गुलाबी झालाय.

कडक_भाकरी · ११ मार्च, दुपारी १२.०१

चाळीस अंशांत घरगुती शिंदी, आणि वर आजोबांची रंगपंचमी. काकू, परवाना काढून घ्या.

होटगीरोड · ११ मार्च, दुपारी १२.१५

काकू वाईट वाटून घेऊ नका ओ. आजोबांना एक नवीन लेंगा आणि पावशेर शेंगाची चटणी द्या, मिटतंय.

माळरानवाला · ११ मार्च, रात्री ८.४०

हसू आवरत नाही, पण गंभीर मुद्दा हाच. आंबलेलं पाणी पक्ष्याच्या पोटात गेलं असतं तर त्याच्या जिभेला-घशाला बुरशीचा त्रास. एडिसनला तेहतीस अंशांत एकच दिवस टिकतं ते आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारपर्यंतही टिकेल की नाही शंका. शिवाय रोज बाटली घासायला नळाला रोज पाणी तरी यायला हवं. मला बाटल्याच पटत नाहीत, हे माझं मत, एडिसनकरांनी राग मानू नये. तिकडे त्यांच्याकडे ती पद्धत मुरलेली आहे.

त्यापेक्षा झाड लावा. आणि मजा बघा. नर्सरीत शोभेचं म्हणून सर्रास मिळतं ते हॅमेलिया, नारिंगी-लाल बारीक नळ्यांचे झुबके, मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं. तिथे त्याच्यावर हमिंगबर्ड येतात. इथे शिंजिराने ते पहिल्या दिवसापासून आपलं मानलं. मिरची जास्वंद, कर्दळ, तीही तिकडचीच. हमिंगबर्डसाठी मांडलेल्या ताटावर आपला गडी जेवतोय. आपलं देशी हवं तर अंगण असेल तिथे शेवगा. माळावर नेपती लाल फुलांनी भरते तेव्हा नान्नजकडे जाऊन बघा, एकेका झुडपावर दोन-दोन नर भांडत असतात. केळीवाल्यांच्या बागेत केळफुलावरही हमखास.

एडिसनचा_सोलापूरकर · १२ मार्च, सकाळी ७.३३

राग कसला, खरं आहे ते. हॅमेलियाला इकडे नावच "हमिंगबर्डचं झुडूप" आहे. आमच्या थंडीत जगत नाही, कुंडीतलं दर हिवाळ्यात मरतं. तुमच्याकडे बारा महिने फुलतं हे वाचून थोडा जळलो.

गच्चीवरची_बाग · १९ मार्च, सकाळी ८.२५

बाटली धुऊन माळ्यावर. हॅमेलिया लावलंय, विजापूर रस्त्यावरच्या नर्सरीतून आणलं, एकशे वीस रुपये. अजून कळीही नाही.

पण आजचं सांगायचं म्हणजे पाडव्याची साफसफाई काढली होती. पाण्याच्या टाकीखाली जळमटं झालीत, झाडू घेऊन गेले तर तिथे आधीच कुणीतरी होतं. तोच पक्षी, पण मातकट-पिवळा, चमक नाही. मादी असणार. टाकीच्या पाइपाला पंजे रोवून, मान वर करून, जाळ्याच्या मधोमध चोच मारली आणि एक कोळी उचलला. पाय हलत होते त्याचे. पाइपावर दोनदा आपटला, गिळला. मग दुसरा. तिसरा मोठा होता, तो आपटताना एक पाय तुटून खाली माझ्या चपलेवर पडला. मी झाडू घेऊन तशीच उभी, दीड हातावर. मग तिने चोचीने जाळंच कापसासारखं ओढून गोळा केलं, चोचीला मिशीसारखं चिकटलं ते, आणि गेली.

इतके दिवस मी हिला साखर खाऊ घालायला निघाले होते.

माळरानवाला · १९ मार्च, सकाळी ८.५०

झाडू ठेवा खाली! जळमटं काढू नका. ती घरटं बांधतेय.

पिल्लांचं सगळं बाळंतपण किड्या-कोळ्यांवरच चालतं, मधुरसाने पिल्लू वाढत नाही. मऊ अळ्या, माश्या, कोळी, दिवसभर फेऱ्या. घरटं लोंबतं असतं, चिंध्या-साल-कचऱ्याची पिशवी वाटते, बाजूला दार, दारावर पडवीसारखी लहानशी वळचण. जाळ्याच्या धाग्यांनीच सगळं शिवलेलं. बांधते आणि उबवते ती एकटी, नर नंतर पिल्लांना भरवायला येतो. कुठे जाते ते लांबून बघा, जवळ जाऊ नका.

नर पावसाळ्यानंतर असाच मातकट-पिवळा होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत काळी पट्टी राहते, टाय घातल्यासारखी. तेव्हा "आमचा निळा गेला, दुसरा आला" असा धागा काढू नका.

शरयू_जीवशास्त्र · १९ मार्च, सकाळी ९.१५

पाय तुटून चपलेवर पडला! हे मी वर्गात सांगणार. हमिंगबर्डच्या बाबतीत २००४ मध्ये दिसलं होतं की किडा पकडताना त्याची खालची चोच चक्क वाकते आणि तोंड रुंद उघडतं. फुलासाठी घडलेल्या चोचीने माशी पकडायची तर काहीतरी सोय हवीच. शिंजीर मात्र टिपून, आपटून खातो, तुम्ही पाहिलंत तसं.

गच्चीवरची_बाग · २३ मार्च, सायंकाळी ६.४०

सापडलं. माझ्या कपडे वाळत घालायच्या दोरीच्या टोकाला, जिथे दोरीची गाठ मारून उरलेली लोंबते तिथेच. लांबून चिंधी अडकल्यासारखं दिसतंय. त्यात एक गुलाबी धागा आहे.

आता दोरी वापरता येत नाही. पाण्याचा वार उद्या आहे, धुणं चार दिवसांचं साठलंय. वाळत कुठे घालू?

होटगीरोड · २३ मार्च, सायंकाळी ६.५२

खालच्या आजोबांच्या दोरीवर.

गच्चीवरची_बाग · २३ मार्च, रात्री ८.१०

विचारून आले. आजोबा "बरं" म्हणाले. मग गॅलरीतून मान वर करून बराच वेळ बघत उभे होते, नवा लेंगा घालून.